फळ्यावरची प्रवरा

आईने काढलेली प्रवरा फळ्यावर अजून तशीच होती. डाव्या टोकाला भंडारदरा, तिथून निळ्या खडूने वळणं घेत उजवीकडे येणारी नदी आणि तिच्या काठाने निरनिराळ्या हातांनी लिहिलेली गावांची नावं. फळ्याला झेंडूची माळ घातली होती आणि खालच्या कट्ट्यावर आईचा फोटो ठेवला होता. माळ वाळली होती. तरी ती कुणीतरी अधूनमधून बदलत असणार, कारण वाळलेली असली तरी चार महिन्यांपूर्वीची नव्हती.

कोल्हारच्या सोसायटीच्या इमारतीत वरच्या मजल्यावर ही लांब खोली आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर आई तिथे दर शनिवारी संध्याकाळी वर्ग भरवायची. शिकायला कुणीही यावं, लहान असो की म्हातारं, आणि जो शिकायला येईल त्याने कधीतरी एक तास शिकवावा, एवढीच अट. त्यामुळे विषयांना काही धरबंध नव्हता. दिशा नावाच्या आठवीतल्या मुलीने आजोबांच्या वयाच्या माणसांना मोबाईलवरून वीजबिल भरायला शिकवलं होतं. विजयमालाबाईंनी पापड लाटायला शिकवले आणि त्या बदल्यात त्या हार्मोनियम शिकल्या. माझ्या बाबांनी बुद्धिबळ शिकवलं. आई म्हणायची, यांचा तास म्हणजे सगळ्यांची झोप पुरी होते.

फळ्याचा एक नियम होता. शिकवणाऱ्याने आपला फळा आपण पुसायचा नाही. पुढच्या शनिवारी ज्याची पाळी असेल, त्याने आधीचं सगळं मोठ्याने वाचायचं आणि मगच पुसायचं. त्यासाठी पुढच्या माणसाचं नाव उजव्या कोपऱ्यात खाली लिहून ठेवायचं. आईचा शेवटचा तास नदीचा होता. तिने नदी काढली आणि प्रत्येकाला आपापलं गाव, बायकांना माहेर, स्वतःच्या हाताने लिहायला लावलं. त्याच आठवड्यात, नवरात्राच्या जरा आधी, भाजी निवडताना ती गेली.

कोपऱ्यात तिच्या अक्षरात अजून होतं : 'पुढचा तास : साळूबाई. गाय विकत घेताना.'

ते नाव वाचून मी मागे वळले, तर साळूबाई दारातच उभ्या होत्या. साठी ओलांडलेली, काटक बाई. पुलाच्या अलीकडे त्यांचा गोठा आहे. याच खोलीत आईकडे त्या अक्षरं शिकल्या. त्यांच्यासोबत कानिफनाथ होता, फ्लेक्सच्या दुकानाचा मालक. मी पुण्याहून आल्याचं कळून दोघं मुद्दाम आले होते.

"ताई, बघितलं ना?" कानिफनाथ म्हणाला. "खडू हाय, आज ना उद्या उडनार. पाऊसकाळ आला की भिंत ओल धरती. म्हनून आमी ठरवलंय, फवारा मारून टाकायचा."

"कसला फवारा?"

"लॅकर. टेम्पोच्या बॉडीवर मारत्यात ना शेवटाला, चकचकीत, ते. एकदा मारलं की जलमभर हालत न्हाई. पानी मारा, फडकं मारा. वर पाटी लावू, शोभाबाई स्मृती कक्ष. सोसायटीवाले व्हय म्हनलेत."

"मग तास कुठे घ्यायचे?"

त्याने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे भिंतीला टेकवून एक पांढरा बोर्ड ठेवला होता. त्यावरचं प्लॅस्टिकही काढलेलं नव्हतं.

"दिवाळीतच आनला. मार्कर पन हायेत चार रंगाचे."

"दिवाळीपासून एकही तास झाला नाही?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. साळूबाई म्हणाल्या, "कसा व्हनार, ताई? घरात गमी झाल्यावर वरीसभर सन करत न्हाईत. हे बी बाईंचं घरच की. वरीस सरू द्या, मंग बघू."

"पोरं ट्यूशनला गेली तवर," कानिफनाथ पुटपुटला. "इजयमालाकाकूंनी पेटी इकली."

"तू गप रं. फवारा मार म्हनलं तर मार. ताईंनी फकस्त व्हय म्हनायचं."

मी फळ्याजवळ गेले. या फळ्याचे फोटो माझ्या मोबाईलमध्ये होते, सगळ्यांच्याच होते. पण फोटोत दिसत नाही ते इथे दिसत होतं. संगमनेरच्या वळणावर खडू दाबला गेला होता आणि तिथे निळ्या भुकटीची बारीक कड उभी राहिली होती. आईला रेघ वळवताना हात जड करायची सवय होती. रांगोळी काढताना, पोळी लाटतानासुद्धा. एवढीशी कड, बोट लावलं तर गेली असती. मी बोट लावलं नाही.

"कधी मारायचं?" मी विचारलं.

"परवा शनवारच हाय. समद्यांना बोलवतो."

"बरं," मी म्हणाले.

साळूबाईंनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की मला त्याचं नवल वाटलं.

घरी बाबा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. रस्त्याने उसाचे ट्रॅक्टर एकामागून एक कारखान्याकडे चालले होते आणि बाबा त्यांच्याकडे बघत होते. कारखान्यात त्यांनी आयुष्यभर टाइमकीपर म्हणून नोकरी केली. अजूनही ट्रॅक्टर उशिरा जाताना दिसला की त्यांची बोटं चुळबुळतात. आई गेल्यापासून ते सोसायटीच्या त्या जिन्याची एकही पायरी चढले नव्हते.

मी लॅकरचं सांगितलं.

"टेम्पोवर मारतात ते?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग मागे 'हॉर्न ओके प्लीज'ही लिहून घ्या."

"बाबा, नीट सांगा ना. मी हो म्हटलंय, पण तुम्हाला काय वाटतं?"

त्यांनी खुर्ची रस्त्याकडून माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "तुझी आई नवीन नवीन शाळेत लागली तेव्हा हेडमास्तरांनी तिला बोलावून घेतलं होतं. म्हणाले, बाई, तुम्ही फळा न पुसता वर्गाबाहेर जाता, हा गलथानपणा आहे. ही म्हणाली, पुढचे गुरुजी येऊन वाचतील तरी, की माझ्या तासाला काय झालं. हेडमास्तर म्हणाले, त्यांना काय करायचंय? ही म्हणाली, तेच तर." ते थोडं हसले. "हे मला तिने सतरा वेळा सांगितलं असेल. मला विचारू नकोस, मधू. माझ्याकडे तिचं काय काय आहे. तुझ्या वाट्याला फळा आलाय. तू ठरव."

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला मी साळूबाईंच्या गोठ्याकडे गेले. एरवी त्यांचा नातू समर्थ दूध घरी आणून द्यायचा, पण मला नदीकाठी चालायचं होतं. धुकं होतं. धरणातून शेतीसाठी पाण्याचं आवर्तन सुटलेलं होतं आणि पुलाखाली नदी काठोकाठ वाहत होती.

गोठ्याजवळ आल्यावर साळूबाईंचा आवाज ऐकू आला. आत आणखी कुणी आहे असं वाटून मी बाहेरच थांबले.

"तर मंडळी," त्या म्हणत होत्या, "गाय घ्याया गेल्यावर आधी गाईकडं बघायचं न्हाई. इकनाऱ्याकडं बघायचं. त्यो गाईच्या कुठल्या अंगाला हुबा ऱ्हातोय बघायचं. ज्या अंगाला त्यो हुबा, त्याच अंगाला खोट. दोन नंबर, कितव्या येताची, म्हंजी कितींदा व्यालेली, हे इचारायचं. त्यो दुसऱ्या म्हनला की आपन तिसऱ्या धरायचं. तीन नंबर..."

तीन नंबरला त्या अडल्या. आत दोन जर्शी गाया रवंथ करत होत्या. दुसरं कुणी नव्हतं.

"तीन नंबर काय, मावशी?" मी विचारलं.

त्या एवढ्या दचकल्या की बादली हिंदकळली. "अगं बया! कवा आलीस?"

"तीन नंबर सांगा ना."

"दोन टायमाचं दूध आपल्या म्होरं काढाय लावायचं." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "काय न्हाई, उगा. तोंडाला सवय लागली. बाईंनी ह्याच गोठ्यात उभं ऱ्हाऊन चारचारदा म्हनून घेतल्यालं. मी म्हनायची, बाई, मला मान्सांम्होरं बोलाया येत न्हाई, माझं पाय लटपटत्यात. बाई म्हनायच्या, साळू, आधी गायींम्होरं बोल, त्या हसत न्हाईत."

"म्हणून तुम्हाला फवारा हवाय?"

त्यांनी बादली गाईजवळ सरकवली. मग धारेला बसल्या. दुधाच्या धारा बादलीत वाजू लागल्या तशी माझ्याकडे न बघता बोलल्या. "पाय लटपटत्यात ते येगळं. त्याला मी भीत न्हाई आता. पन आधी फळा पुसावा लागतोय ना, ताई. बाईंच्या हातचं. माझ्याच्यानं कसं व्हनार? आनि पुसलं न्हाई तर तास न्हाई. म्हनून म्हनलं, एकदाचं पक्कं करून टाका. कुनीच पुसू नगा. माझी बी सुटका."

"आणि तुमचा तास?"

"तो ऱ्हातोय गोठ्यात." त्या गाईच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "हिला पाठ झालाय."

दूध घेऊन मी घाटावर येऊन बसले. सगळ्यांना आईचं अक्षर राहावं असं वाटत होतं. मला तर सगळ्यांहून जास्त. पण आईने अर्धवट टाकलेली गोष्ट नदी नव्हती. ती नदी काढून मोकळी झाली होती. शाळेत फळा भरून वर्गाबाहेर पडायची तशी. अर्धवट राहिला होता तो कोपऱ्यातला तास. त्यासाठी ती साळूबाईंच्या गोठ्यात शेणात उभी राहिली होती. लॅकर मारला तर 'पुढचा तास' हे शब्दही त्याच्याखाली कायमचे बसणार होते, आणि साळूबाई कायम पुढच्याच राहणार होत्या.

हे कळलं तरी पुसायची इच्छा झाली नाही. ती दुसऱ्या दिवशीपर्यंतही झाली नाही. ते खरं आहे.

दुपारी मी बाबांना म्हणाले, "घरात तीळ आहेत?"

"आहेत. का?"

"तिळगूळ करायचाय. उद्या वर्गावर न्यायला."

बाबांनी चष्मा काढला. संक्रांत होऊन आठवडा झाला होता. आमच्या घरातून यंदा कुणालाही तिळगूळ गेला नव्हता. वर्षाच्या आत जात नाही. शेजारपाजारच्यांनीही आम्हाला दिला नव्हता, दारावरून मुकाट पुढे गेले होते.

"लोक बोलतील," बाबा म्हणाले.

"बोलू देत. घराचं वर्ष आपण घरात पाळू. त्या खोलीने कशाला पाळायचं?"

ते उठले आणि स्वयंपाकघरात गेले. डबे उघडल्याचे, लावल्याचे आवाज आले. मी आत गेले तर ते कढईत तीळ भाजत उभे होते आणि घड्याळाकडे बघत होते. भाजण्याच्या कामातही त्यांना टाइमकीपिंग लागत होतं. "गुळाचा पाक तू बघ," ते म्हणाले. "तो मला येत नाही. शिकायचा राहिला."

शनिवारी खोली भरली होती. चार महिन्यांत तासाला कुणी आलं नव्हतं, पण फवाऱ्याला सगळे आले. बायका पांढऱ्या-फिक्या साड्यांत, पुरुष टोप्या घालून, मुलं गप्प. सगळे श्रद्धांजलीला आल्यासारखे ओळीने बसले होते. कानिफनाथने नाकाला रुमाल बांधला होता आणि कॉम्प्रेसर सुरू करून बघत होता.

"खिडक्या उघडा रे. वास लई मारतोय. ताई, दोन शब्द बोला, मंग मारतो."

मी उठले. दोन शब्द बोलले नाहीत. स्टीलचा डबा उघडून साळूबाईंसमोर जाऊन उभी राहिले.

"तिळगूळ घ्या, मावशी."

त्यांनी हात मागे घेतला. "आवो ताई! वरीस..."

"घरचं वर्ष आम्ही पाळतोय. इथलं आज संपलं. बाबांनी तीळ भाजलेत, जरा करपलेत. घ्या."

विजयमालाबाई हळूच म्हणाल्या, "अहो मधुवंती, असं चालतं का?" आणि शेजारची कुणीतरी म्हणाली, "लेकच देतीय म्हटल्यावर न चालाया काय झालं?"

साळूबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी काय मागते आहे ते त्यांना कळलं होतं. "अगं पोरी," त्या म्हणाल्या, "तुला बघवंल का?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "पण पाळी तुमची आहे."

त्यांनी वडी घेतली, तोंडात टाकली आणि चावत चावत उठल्या. कानिफनाथने कॉम्प्रेसर बंद केला. फटफट थांबली तशी खालच्या रस्त्यावरची वाहनं ऐकू यायला लागली.

साळूबाईंनी माळ काढली, फोटो उचलून खिडकीत ठेवला. मग डाव्या टोकाला उभ्या राहून बोट लावत वाचायला लागल्या. अक्षर अक्षर जोडत. "भं-डार-दरा. रंधा. हे इजयमालाबाईंचं, अ-को-ले. संगमनेर." वळणाजवळ बोट आलं तेव्हा त्यांनी ते कडेला न टेकवता हवेतूनच फिरवलं. "आश्वी, दिशाची आई. कोल्हार, कोल्हार, कोल्हार..."

"ते आमचं," मागून पोरं ओरडली.

"गप बसा. बेलापूर. आनि ही कोनती खालून आली?"

"मुळा," कानिफनाथ रुमालातून म्हणाला. "मी राहुरीचा. माझं गाव बसंना प्रवरेवर. मंग बाईंनी माझ्यासाठी आख्खी मुळा काढली."

लोक हसले. चार महिन्यांत त्या खोलीत पहिल्यांदाच कुणी हसलं असेल.

साळूबाई उजव्या कडेला पोचल्या. "हे टोकं गाव. प्रवरासंगम. संपलं." मग त्यांचं बोट परत मागे गेलं. "अन् न्येवासं? न्येवासं कुठंय? बाईंचं म्हायेर ना ते?"

सगळे फळ्याकडे बघू लागले. नेवासं नव्हतं. मुळा मिळते तिथून संगमापर्यंत नदीचा काठ मोकळा होता. इतक्या वेळा फोटो पाहूनही ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. तिने सगळ्यांना लिहायला लावलं आणि आपलं मागे ठेवलं. किंवा विसरली. किंवा तास संपला. तिला विचारायला हवं होतं असं हल्ली पुष्कळ निघतं.

"लिव, ताई," साळूबाई म्हणाल्या आणि कट्ट्यावरचा खडूचा तुकडा माझ्या हातात दिला. निळाच होता.

मी नदीच्या काठाला एक ठिपका दिला आणि 'नेवासे' लिहिलं. माझंही अक्षर वळणावर जड होतं, ते तेव्हा दिसलं.

"न्ये-वा-से," साळूबाईंनी वाचलं. "आता झालं." त्यांनी कोपऱ्यातलं आपलं नावही वाचलं, जरा लाजत. मग फडकं उचललं. माझ्याकडे बघितलं नाही, ते बरं झालं. भंडारदऱ्यापासून सुरुवात करून त्या नदीच्या अंगाने पुसत गेल्या, घाई न करता, गाईची पाठ पुसावी तशा. संगमनेरशी मी खिडकीबाहेर बघितलं. वळून पाहिलं तेव्हा त्या नेवाशाशी होत्या.

"तर मंडळी," साळूबाई फळ्याकडे तोंड करूनच म्हणाल्या.

"हिकडं बघून बोला की," कुणीतरी ओरडलं.

"बोलते. आधी गाय काढू द्या." त्यांनी खडू घेऊन एक मोठं अंग काढलं, त्याला चार पाय आणि एक डोकं.

"शेळी हाय ती, आज्जे," समर्थ म्हणाला.

"शेळी घ्यायची असंल तर तू घे. ही गाय हाय." त्यांनी कास काढली, आधीच्या सगळ्या आकारापेक्षा मोठी, आणि वळल्या. पाय लटपटत होते, लुगड्याच्या काठावरून दिसत होतं. "गाय घ्याया गेल्यावर आधी गाईकडं बघायचं न्हाई. इकनाऱ्याकडं बघायचं."

पुढचा तासभर त्या बोलत होत्या. तीन नंबरला अडल्या नाहीत. सहा नंबरला कानिफनाथने एक प्रश्न विचारला, तर त्याला म्हणाल्या, नाकावरचा रुमाल काढून विचार, गाय बुजंल. ओल्या फडक्याने पुसलेला फळा वाळत गेला तशी निळी रेघ पुन्हा पुसट दिसायला लागली. ती गाईच्या पोटातून आरपार जात होती. पोरांना ते फार आवडलं.

शेवटी साळूबाई कोपऱ्यापाशी गेल्या आणि 'पुढचा तास' एवढं हळूहळू लिहून थांबल्या. "कोन?"

पोरं एकमेकांना कोपराने ढोसायला लागली. मग कानिफनाथ पाइप गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "फ्लेक्स आलं तवापास्नं ब्रश धरला न्हाई मी. आधी पाट्या मीच रंगवायचो. अक्षर काढाया शिकवू का?"

"ह्यो फवारा न आनता ये मात्र," साळूबाई म्हणाल्या आणि त्याचं नाव लिहिलं. 'फ' चुकला, तो त्यानेच दुरुस्त केला.

घरी आले तेव्हा बाबा अंगणातच होते. त्यांनी माझ्या हातातला डबा बघितला. रिकामा होता.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"फळ्यावर आता काय आहे?"

"गाय."

ते रस्त्याकडे बघत राहिले. एक ट्रॅक्टर गेला. त्यांनी सवयीने मनगटाकडे पाहिलं, मग हात खाली ठेवला.

"कितव्या वेताची?"

"साळूमावशी दुसऱ्या म्हणतात."

"म्हणजे तिसऱ्या," बाबा म्हणाले. "पुढच्या शनिवारी येतो बघायला."